पहिली हाक लिंबाजीची

पेडगाव,
वैशाखी पुनवेचा दुसरा दिवस

प्रिय संघप्रिया,

जय भीम. तू फोनवर विचारलंस त्याला आता दीड महिना होत आला, आणि माझ्याकडून अजून हो आलेलं नाही की नाही आलेलं नाही. त्या दिवशी मी फोन कानाला लावून नुसता उभा होतो. तुला वाटलं रेंज गेली. तू 'बाबा... बाबा...' केलंस आणि ठेवून दिलास. रेंज गेली नव्हती, पोरी. सगळं नीट ऐकू आलं होतं. तुला मालवाहू जहाजावर नोकरी लागली, मुंबईहून निघायचं, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत शिरायचं आणि थेट बसऱ्याकडच्या बंदराला लागायचं. 'बसरा' हा शब्द तुझ्या तोंडून आला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. नंतर तू आईजवळ म्हणालीस की बाबा मनापासून हो म्हणाले तरच जाईन, नाहीतर सोडून देईन. रेणुकाने ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर तिचं स्वतःचं जोडलं, "पोरगी इतकी वर्सं शिकली अन् तुमच्या एका शब्दासाठी अडून बसलीय. तुमचं तोंड काय दुकानातल्या मोटारीवानी जळून गेलंय का?" तुझी आई तुला ठाऊकच आहे.

तुला वाटत असेल, मुलगी म्हणून अडवतोय. तसं नाही. मुलगा असता तरी मी असाच मुका झालो असतो. माझे पणजोबा लिंबाजी पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आले होते एवढं तुला माहीत आहे. परत आल्यावर त्यांनी घराला एकच हुकूम घालून दिला, की आपल्यातलं कुणी खाऱ्या पाण्यावर जायचं नाही. तुझे आजोबा भगवानराव दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे, पण तिथं समुद्राकडे पाठ करून बसायचे. एकदा मी लहान असताना त्यांच्याबरोबर होतो. बरोबरची पोरं पाण्यात पाय बुडवायला धावली, मीही उठलो, तर त्यांनी माझा दंड असा आवळला की बोटांचे वळ परभणीला उतरलो तरी दिसत होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आपलं एक माणूस हाय तिथं." कोण माणूस, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं, त्यांनी मला सांगितलं.

आणि आपल्या घरातल्या त्या दोन गोष्टी. आज आपल्याकडे अळणी आहे. वैशाखी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या चुलीवर मीठ पडत नाही, हे तू लहानपणापासून नाक मुरडत जेवत आलीस. आणि दुसरी, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. कुणी नावाने हाक मारली की थांबायचं, दुसऱ्यांदा मारली की मग 'ओ' म्हणायचं. तिसरीत तुझ्या बाईंनी हजेरीच्या वेळी तुला आठवडाभर गैरहजर लावलं होतं आणि तू समोरच बसलेली होतीस. मी शाळेत जाऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी काय तुमच्या पोरीसाठी हजेरी दोनदा घेऊ का?" वस्तीतले लोक म्हणायचे, भुताची हाक एकदाच येते म्हणून ही माणसं दुसरीची वाट बघतात. आपल्या धम्मात भूतखेत नाही. मी रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणतो आणि मनात असली भीती ठेवत नाही. तरीपण पहिल्या हाकेला माझ्याही तोंडून कधी ओ निघालेली नाही. अंगातच बसली आहे ती सवय.

तुझ्या फोननंतर मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्या जहाजाचा माग काढायला बसलो. ज्या पाण्याला घर एवढं भ्यायलं, त्या पाण्यावरून आपलं माणूस नेमकं कसं गेलं आणि कसं आलं, ते तरी कळावं. दिवसा दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायच्या, तारेचे वेढे मोजायचे, आणि मधल्या वेळात फोनवर जुनी जहाजं शोधायची. बुद्धमूर्तीपुढच्या फळीवर पणजोबांचा पितळी बिल्ला आहे, जो तू पुनवेला चिंचेने घासायचीस. त्याच्यावर 'लिंबा' एवढं नाव आणि तुकडीचा नंबर आहे. शिवाय मला पणजोबांची गोष्ट तोंडपाठ होती. आजोबांच्या मांडीवर बसून तूही ती ऐकली आहेस. ते सांगायचे, बंदराच्या रस्त्यावर गाड्यांना बैल नव्हते, उंट जुंपलेले होते. खेचरांच्या पोटाखालून पट्टे बांधून त्यांना यंत्राने उचलत, खेचरं हवेत पाय झाडत, आणि खाली ते जहाज, बेलमोरा. त्या खेचरांच्या मुताच्या वासात पणजोबा दिवसच्या दिवस खाली झोपले. वादळात एक खेचर दावं तोडून त्यांच्या छातीवर पडलं, ती फासळी थंडीत दुखायची. आजोबा ही गोष्ट सांगताना खेचरासारखे फुरफुरायचे आणि तू टाळ्या वाजवायचीस.

शोधता शोधता मला स्कॉटलंडमधला एक म्हातारा सापडला. त्या काळात फौजा वाहून नेणाऱ्या जहाजांची माहिती तो हौसेने जमवतो. मी त्याला बिल्ल्याचा फोटो पाठवला आणि सगळी हकीकत लिहिली. त्याने आधी परभणीची हवा कशी आहे ते विचारलं. मी लिहिलं, चव्वेचाळीस. त्यावर बरेच दिवस त्याचं उत्तर नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला खोटं वाटलं असेल. मग एका दुपारी त्याचं लांबलचक उत्तर आलं. मी दुकानात एकटा होतो, लाइट गेलेली, पंखा थांबलेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, समोरच्या कट्ट्याच्या सावलीत एक शेळी तेवढी रवंथ करत बसली होती.

त्याने लिहिलं होतं, की या नंबराची तुकडी म्हणजे मजुरांची तुकडी. ती १९१७ साली मुंबईहून गेली, कॅलिस्टन नावाच्या जहाजाने. कॅलिस्टनवर नुसती माणसं होती, एकही जनावर नव्हतं. बेलमोरा हे जहाजही खरं, पण ते मुंबईला लागलंच नव्हतं. ते कराचीहून निघालं, आणि त्याच्यावर खेचरं आणि त्यांची निगा राखणारे मोतद्दार, एवढेच. उंटाच्या गाड्याही कराचीच्याच. बंदर वेगळं, महिना वेगळा. मजुरांची तुकडी १९१९ च्या मे महिन्यात कॅलिस्टननेच परत आली, जागा उरली म्हणून बसऱ्याला काही मोतद्दारही त्याच जहाजावर चढवले होते. वाटेत तापाची साथ होती. जे गेले त्यांना समुद्रात सोडलं. मजुरांची आणि मोतद्दारांची नावं त्या जहाजावर कुणी लिहून ठेवली नाहीत, त्याबद्दल म्हाताऱ्याने माझी क्षमाही मागितली होती, जणू ते त्याच्याच हातून राहिलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, 'तुमच्या पणजोबांनी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगितली असावी.'

मी ते वाक्य वाचलं आणि रस्त्यावरून हाक आली. 'लिंबाजी!' तुला सांगतो, कानात शब्द वाजल्यासारखी नाही, चांगली उघड, दुरून मारल्यासारखी, बाईच्या आवाजातली हाक. आपल्या वस्तीत आज लिंबाजी नावाचं कुणी नाही. आपल्या घराने ते नाव पुन्हा कुणाला ठेवलं नाही, शेजाऱ्यांनीही नाही. मी बाहेर आलो. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा, ऊन नुसतं हलत होतं. शेळीचं तोंड चालायचं थांबलं होतं आणि ती मान वळवून एकीकडेच बघत होती, मावळतीच्या बाजूला. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. दुसरी हाक आली नाही. मग शेळी पुन्हा रवंथ करायला लागली आणि मी आत येऊन पाणी प्यालो. 

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि एसटीने सोनपेठला गेलो. पणजोबांना डोळ्यांनी पाहिलेलं आणि अजून शुद्धीत असलेलं एकच माणूस आहे, तुझ्या आजोबांची थोरली बहीण, आपली सरजाआत्या. नव्वदीला टेकली आहे. पडवीत बाजेवर बसून सुपारी कातरत होती. मला पाहून म्हणाली, "आलास व्हय रे धम्मा? मला वाटलं आता खांदा द्यायलाच येतूस." मी तुझ्या नोकरीचं आणि जहाजांचं सगळं सांगितलं. ती सुपारी कातरता कातरता ऐकत होती, मध्येच हसली, "मोटारी भरायचं सोडून आता बोटी भरायलास व्हय?" पण मी बेलमोरा कराचीहून निघालं म्हणालो तेव्हा तिचा अडकित्ता थांबला. आणि हाकेचं सांगितलं तेव्हा तिने तो बाजूलाच ठेवला.

"ओ दिलीस का?"

मी नाही म्हणालो.

"बरं केलंस. तुझ्या बापालाबी एकदा आली हुती. तवा त्यो मोट हाकायलाय, अन् असाच घाबरून माझ्याकडं आला. त्याला मी काय सांगितलं न्हाई. त्यो लय हळवा. तुला सांगते. तुझ्या पोरीला जायाचंय म्हणून सांगते."

मग तिने सांगायला सुरुवात केली. सून चहा घेऊन आली तर तिला हाताने परत पाठवलं.

आत्या म्हणाली, छप्पन सालानंतर आपल्या वस्तीत दीक्षेचा कार्यक्रम झाला तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी आली होती. पांढरे कपडे घालून सगळी वस्ती बसलेली, भन्तेजी एकेक शील सांगताहेत, माणसं मागून म्हणताहेत. तिचे आजोबा, म्हणजे ज्यांना आपण लिंबाजी म्हणतो ते, पुढेच बसलेले. तीन शीलं त्यांनी मोठ्याने म्हटली. चौथं आलं, खोटं बोलणार नाही, आणि म्हातारा गप्प झाला. ओठ हलले, शब्द नाही. पाचवं पुन्हा मोठ्याने. लोकांना वाटलं, वय झालं, धाप लागली. घरी आल्यावर त्यांनी आत्याला जवळ बसवलं. "माझ्यानं चौथं म्हणवंना सरजे. जीभ रेटंना. मी ज्या नावानं शील घ्यायलोय, ते नावच माझं न्हाई."

संघप्रिया, त्यांचं नाव केरबा होतं. कोकणातले, खाडीकाठचे. बेलमोराच्या खेचरांबरोबर गेलेले मोतद्दार. लिंबाजी, ज्याच्या नावाचा बिल्ला आपण घासतो, तो पेडगावचा पोरगा मजुरांच्या तुकडीत गेलेला. बसऱ्याला नदीच्या धक्क्यावर पोती वाहता वाहता दोघांची गाठ पडली. मराठी बोलणारं माणूस भेटलं एवढंच निमित्त, पण मग दोघं एका ताटात जेवायला लागले. केरबाच्या घरची सगळी माणसं साथीच्या तापात गेल्याची खबर त्यांना तिथंच कळली. परत येताना दोघं कॅलिस्टनवर शेजारी शेजारी झोपायचे. आखात संपत आलं, दोन्ही अंगांना उघडे डोंगर दिसायला लागले, तिथं लिंबाजीला ताप भरला. तापात तो एकच म्हणायचा, "आईला सांग, मी येतोय. म्हणावं, येतोय." पुनवेची रात्र त्याने काढली आणि उजाडता उजाडता गेला. घोंगडीत गुंडाळून, पायाशी लोखंड बांधून त्याला सोडलं. बिल्ला केरबाने काढून घेतला होता, आईला खूण म्हणून दाखवायला. म्हणून आजचा दिवस अळणी. म्हातारा आत्याला म्हणाला होता, "मीठ कुठनं येतं सरजे? तिथनंच येतं नव्हं. त्या दिवशी तरी त्याला खाऊ नये."

केरबा विचारत विचारत पेडगावला आला तो निरोप सांगायला. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं, आणि ते मी मानतो. पण तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. लांबून आलेल्या माणसाने उंबऱ्याबाहेर बोलायचं नाही. आधी त्याच्या पायावर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकायचा, मग त्याला आत घ्यायचं, दोन घास खाल्ल्यावर काय ती बातमी. वाटेचं अमंगळ उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेला तो दंडक. दारात लिंबाजीची आई होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, तिला नुसती उजेडात एक सावली दिसायची. बुटाचा आवाज आला, सावली दारात थांबली. तिने हात वर करून त्या सावलीला बोलू दिलं नाही. तांब्यातलं पाणी घातलं, चाचपडत तुकडा आणला, ओवाळला, मागे टाकला. आणि मग तिने हाक मारली, "लिंबाजी!"

केरबा गप्प उभा. ते नाव त्याचं नव्हतं. ओ कशी द्यायची? आत्या म्हणाली, म्हातारा हे सांगताना घामाने भिजला होता. दुपारची वेळ, सगळी वस्ती रानात, आणि ती बाई हाक मारून तशीच उभी, कान देऊन. म्हातारा म्हणाला, "सरजे, ती माझ्याकडं तोंड करून उभी हुती, पर ऐकायलीती माझ्या मागचं." मग तिने दुसऱ्यांदा हाक मारली. या वेळी अगदी हळू. आणि केरबाच्या तोंडून 'ओ' गेली. कशी गेली, ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही. एकदा गेली ती गेली. आत जाऊन त्याने भाकरी खाल्ली. खाल्ल्यावर बातमी सांगायची होती, ती सांगायला तोंड राहिलं नाही.

मी आत्याला विचारलं, वस्तीला कळलं नाही? तर माझ्यावरच उखडली. "वस्ती काय आंधळी हुती? अर्ध्या घरांत साथीनं माणूस ठेवलं न्हवतं, अन् जी ऱ्हायली त्यांनी बघितलं अन् गिळलं. आंधळीच्या हातातली काठी कोण हिसकावून घील रे?" आणि त्या आईला? आत्याने अडकित्ता पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, तिला पहिल्या रात्रीच कळलं होतं. निजताना तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लिंबाजी लहानपणी आडाच्या काठावर पडला होता, डोक्यात बोट मावेल एवढी खोक होती. तिचं बोट ती जागा शोधत फिरलं, फिरलं, आणि थांबलं.   तिने त्याच्या अंगावर वाकळ ओढली आणि जाऊन निजली. त्या दिवसापासून ती त्याला दोनदा हाक मारायला लागली. दिवस मावळायला दारात उभी राहायची, मावळतीकडे तोंड करून 'लिंबाजी' म्हणायची, आणि थांबायची. बोलायचं कुणी नाही, पोरांनी रडायचं नाही. आतमध्ये केरबा हातातलं काम तसंच धरून बसलेला. कधी कधी त्या थांबण्यात ती मान हलवायची, कुणी काही सांगितल्यासारखी. मग घराकडे वळून दुसऱ्यांदा हाक मारायची, आणि तो ओ द्यायचा. ती मरायच्या दिवशी तिने हाक मारली, तो धावत जवळ गेला, तर तिने हाताने त्याला मागे सारलं. "थांब रे लेकरा. तुला दुसऱ्यांदा मारते." आणि पहिल्या हाकेनंतर जी थांबली ती थांबलीच. दुसरी हाक राहून गेली.

म्हणून आपल्या घरात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, पोरी. भुताची म्हणून नव्हे. पहिली हाक दुसऱ्याची असते म्हणून. केरबाने ते पोरांना शिकवलं, कारण सांगितलं नाही, आणि कारण गेलं तरी शिकवण राहिली. सरजाआत्याला त्यांनी शपथ घातली होती, की समुद्रावर जायला निघालेलं आपल्यातलं कुणी पुढे आलं तर तेव्हाच सांगायचं, तोवर नाही. आणि हुकूमही त्याच भीतीतून. त्यांना वाटायचं, आपण लिंबाजीची आई घेतली, नाव घेतलं, उंबरा घेतला. आपलं लेकरू त्या पाण्यावर गेलं तर तो मागायला येईल.

परत येताना एसटी गोदावरीच्या पुलावर आली तेव्हा ऊन कलत होतं. पात्र बरंच आटलेलं, मध्ये एक पट्टा तेवढा पाण्याचा, आणि त्याच्यावर तांबूस उजेड. मी खिडकीतून बघत होतो. माझ्या अंगात केरबाचं रक्त आहे आणि तोंडात लिंबाजीची सवय, मग मी कुणाचा, असा विचार करत होतो.  एक मात्र लख्ख कळलं. दुकानासमोर ती हाक आली तेव्हा मी घाबरलो, कारण ती मला मारली आहे असं मला वाटलं. ती मला नव्हतीच. ती त्या बाईने त्या पोराला मारलेली, शंभर वर्षं वाटेत असलेली हाक होती. परभणीतून समुद्र किती लांब. ती अजून पोचायलीय. हे मी तुला पटवून देत नाही. तू शिकलेली आहेस, मीही रोज डोळे मिटून बसणारा माणूस आहे, कान वाजतात हे मला कळतं. पण शेळीची मान मी डोळ्यांनी पाहिली आहे. आज सकाळी वंदनेला बसलो तेव्हा चौथं शील मी दोनदा म्हटलं, एकदा माझं आणि एकदा केरबाचं. रेणुका दारातून बघत होती. तिला सगळं सांगितलं. ती डोळे पुसत अळणी आमटी ढवळत राहिली. मघाशी तिने आतून 'अहो' म्हणून आवाज दिला, एकदाच, आणि मी 'ओ' म्हणालो. आत पळी खाली पडल्याचा आवाज झाला.

तेव्हा हे पत्र एवढ्यासाठी, की माझं हो आहे. मनापासून. तू जा. मी आणि आई मुंबईला येऊ, आणि या वेळी मी पाण्याकडे पाठ करून उभा राहणार नाही. बिल्ला बरोबर आणतो, तो तू घेऊन जा. जहाजावर तुला कुणी हाक मारली तर पहिल्याच हाकेला ओ दे, ते नाव तुझंच आहे, त्यावर आता दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. आजच्या तिथीला मीठ न खाण्याचं तेवढं मोडू नकोस. आणि तुझं जहाज त्या उघड्या डोंगरांच्या मधून जाईल तेव्हा उजाडता उजाडता कठड्याशी उभी राहा, बिल्ला त्याच्या ओळखीसाठी हातात धर, आणि त्याला हाक मार. 'लिंबाजी' म्हण. त्याला सांग, आईचा निरोप आहे, ती दारातच आहे, ये. मग त्याची आई थांबायची तेवढं थांब. ओ आली तर घाबरू नकोस, आपल्याच माणसाची आहे. नाही आली तरी दुसऱ्यांदा हाक मारू नकोस. दुसरी हाक केरबाची होती, ती आपल्या घराला मिळून गेली.

तुझाच,
बाबा